ट्रान्झिस्टर रेडिओ: सेलवर चालणाऱ्या डब्याने काय बदललं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ट्रान्झिस्टर रेडिओ आला कसा, त्याने समाजात एवढा फरक पडला असं का म्हणतात, आणि आजोबांच्या घरी माळ्यावर सापडलेला जुना सेट आज चालू करता येईल का? सोलापूरकडे रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं. हात बसला व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, सेटवर आणि घर चाललं ट्रान्झिस्टरवर, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

या विषयावर जे काही छापून येतं त्यात बहुधा पहिलं वाक्य असतं की रेडिओ खिशात मावू लागला. अमेरिकेत आणि जपानमध्ये ते खरं आहे. आपल्याकडे खिशातला रेडिओ फार थोड्यांनी वापरला. आपला ट्रान्झिस्टर चांगला विटेएवढा, चामडी कव्हरमध्ये बसवलेला, पट्ट्याने खांद्याला अडकवायचा. आकारापेक्षा आपल्याला उपयोगी पडला तो त्याचा कमी करंट. हे नीट कळलं की बाकीचा इतिहास आपोआप उलगडतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

व्हॉल्व्हच्या रेडिओत प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये एक तार तापवावी लागते. तापल्याशिवाय तो काम करत नाही, म्हणून बटण दाबल्यावर थोडा वेळ थांबल्यावरच आवाज यायचा. विजेवरचा असा सेट साधारण ४०-५० वॉट खायचा. वीज नसलेल्या गावासाठी बॅटरीवरचे व्हॉल्व्ह सेट होते, पण त्यांना दोन बॅटऱ्या लागत: तार तापवायला दीड व्होल्टची एक, आणि व्हॉल्व्हमधल्या प्लेटसाठी ९० व्होल्टची दुसरी. या दुसऱ्या पॅकमध्ये दीड-दीड व्होल्टचे ६० लहान सेल एकापुढे एक जोडलेले असत. सगळा मिळून खर्च एक-सव्वा वॉटच्या घरात. ऐकायला हा आकडा लहान वाटतो, पण कोरड्या बॅटरीवर तो रोजच्या रोज परवडत नाही. पॅक संपला की तालुक्याला जायचं, तिथेही मिळाला तर मिळाला.

ट्रान्झिस्टर म्हणजे व्हॉल्व्हचंच काम तार न तापवता करणारा लहानसा भाग. आता सहा ट्रान्झिस्टरचा साधा सेट घ्या. चार मोठे सेल, म्हणजे ६ व्होल्ट. आवाज अगदी बारीक असताना करंट १० मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे वॉटचा जेमतेम सोळावा भाग. मध्यम आवाजात सरासरी २० मिलिअँपिअर धरा. त्या काळच्या मोठ्या सेलमधून एवढ्या हलक्या कामाला दोनशे तास सहज निघत. रोज दोन-अडीच तास ऐकलं तर चार सेलवर अडीच महिने. शेतमजुराच्या घरातही हा हिशेब बसतो.

यात आउटपुटच्या, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या, जोडीचं मोठं काम आहे. दोन ट्रान्झिस्टर पुश-पुलमध्ये लावलेले असतात, एक आवाजाच्या लाटेचा वरचा भाग उचलतो, दुसरा खालचा. आवाज नसेल तेव्हा दोघेही जवळजवळ झोपलेले. म्हणून आवाज वाढवला की करंट ६०-८० मिलिअँपिअरपर्यंत चढतो आणि कमी केला की उतरतो. घरातली मोठी माणसं ‘आवाज कमी कर, सेल संपतील’ म्हणून ओरडायची ते तंतोतंत बरोबर होतं.

दुसरा महत्त्वाचा भाग फेराइटची कांडी. व्हॉल्व्ह सेटला छपरावर तांब्याच्या जाळीची पट्टी नाहीतर लांब तार बांधावी लागे, शिवाय जमिनीत अर्थिंग. मीडियम वेव्हसाठी ते सगळं काम डब्यातली बोटभर जाडीची काळी कांडी आणि तिच्यावरचं कॉइल करू लागलं. एरियल गेलं, म्हणून सेट हलवता आला. या कांडीला दिशा असते. केंद्र बरोबर कांडीच्या टोकाच्या रेषेत आलं की आवाज पडतो, आडवं आलं की भरतो. गावोगावची माणसं सेट हातात घेऊन हळूहळू फिरवत आणि आवाज लागला की तिथेच ठेवत. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आता सनावळी. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. विल्यम शॉकली त्याच गटाचे प्रमुख. तिघांना १९५६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सुरुवातीला ट्रान्झिस्टर महाग होते आणि कर्णयंत्रांत वापरले जात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला मोठं गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून त्यांनी इंडियानापोलिसच्या एका कंपनीला हाताशी धरून ‘रीजन्सी टीआर-१’ काढला. ऑक्टोबर १९५४ मध्ये तो जाहीर झाला. चार ट्रान्झिस्टर, साडेबावीस व्होल्टची बॅटरी, किंमत ४९.९५ डॉलर. आवाज यथातथाच होता, पण लोकांनी घेतला.

जपानमध्ये टोकियो त्सुशिन कोग्यो या लहान कंपनीने ट्रान्झिस्टरचा परवाना घेतला आणि ऑगस्ट १९५५ मध्ये ‘टीआर-५५’ बाजारात आणला. मार्च १९५७ मध्ये त्यांचा ‘टीआर-६३’ आला: सहा ट्रान्झिस्टर, ९ व्होल्टची लहान बॅटरी. हा सेट नेहमीच्या सदऱ्याच्या खिशापेक्षा किंचित मोठा होता, म्हणून विक्रेत्यांना मोठ्या खिशांचे सदरे शिवून दिले, अशी गोष्ट ती कंपनीच सांगत आली आहे. १९५८ मध्ये कंपनीने नाव बदलून सोनी केलं. जास्त फ्रिक्वेन्सीला चालणारे ट्रान्झिस्टर बनवण्यासाठी त्यांच्याकडे जे संशोधन चाललं होतं, त्यातूनच लिओ एसाकी यांना टनेल डायोड हा नवा इलेक्ट्रॉनिक भाग सापडला आणि १९७३ मध्ये ते नोबेलचे मानकरी झाले. रेडिओच्या कारखान्यातून नोबेलपर्यंत पोचलेलं हे काम. मला त्याचं आजही अप्रूप वाटतं.

इथे एक गल्लत नेहमी होते. ‘गीतरामायण आम्ही ट्रान्झिस्टरवर ऐकलं’ असं सांगणारे बरेच भेटतात. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं १ एप्रिल १९५५ ला. त्या वर्षी सोनीचा पहिला सेट जपानमध्येच नुकता येत होता. गीतरामायण महाराष्ट्राने व्हॉल्व्हच्या रेडिओवर ऐकलं, शेजारच्यांच्या ओसरीवर बसून, हॉटेलसमोर उभं राहून. ट्रान्झिस्टरवर ऐकलं असेल ते नंतरचं पुनःप्रसारण.

आपल्याकडे ट्रान्झिस्टर खऱ्या अर्थाने पसरला साठच्या दशकात. मर्फीचा कारखाना ठाण्याला, फिलिप्सचा पुण्याजवळ लोणी काळभोरला, त्याशिवाय बुश, नेल्को. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ट्रान्झिस्टर बनवू लागली आणि एसी-१२७, एसी-१२८ हे नंबर प्रत्येक मेकॅनिकला तोंडपाठ झाले. पण कंपनीचा सेट सगळ्यांना परवडत नव्हता. खेड्यांत जास्त गेले ते असेंबल केलेले सेट. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. तिथून गँग (केंद्र लावायचा पात्यांचा कंडेन्सर), आयएफटी (आतली लहान ट्यूनिंगची कॉइलं), स्पीकर, प्लॅस्टिकचं कॅबिनेट असं सुटं सामान आणायचं आणि दुकानात बसून सेट बांधायचा. कितीतरी पोरं या धंद्यात अशीच शिकली, मीही त्यातलाच. देशभरातल्या लहान दुकानांनी ट्रान्झिस्टर स्वस्त केला, याचं श्रेय इतिहासात फारसं दिलं जात नाही. ते द्यायला हवं.

रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागे. त्याचं पुस्तक असे, दरवर्षी पैसे भरून त्यात तिकीट लावून घ्यायचं. ट्रान्झिस्टरलाही लायसन होतंच, पण छपरावर एरियल नसल्याने कुणाच्या घरात रेडिओ आहे हे बाहेरून दिसेनासं झालं. ऐंशीच्या दशकात लायसन रद्द झालं. तोपर्यंत लग्नात जावयाला घड्याळ, सायकल आणि ट्रान्झिस्टर हे ठरूनच गेलं होतं.

सेलची काळजी हा तर घरोघरचा विषय. रात्री शेतावर पाणी द्यायला जायचं तर रेडिओतले सेल काढून टॉर्चमध्ये घालायचे, सकाळी परत रेडिओत. उतरलेले सेल उन्हात ठेवायचे, थोडा वेळ जीव यायचा. जुने जर्मेनियमचे सेट याला साथ देत. जर्मेनियम ट्रान्झिस्टर चालू व्हायला ०.२-०.३ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला ०.६-०.७ लागतात. त्यामुळे सेल अर्धे बसले तरी जर्मेनियमचा सेट बातम्या ऐकवत राहायचा. मात्र उन्हाळ्यात तोच जर्मेनियम त्रास देई. गरम झाला की त्यातून गळतीचा करंट वाढतो, करंट वाढला की तो आणखी गरम होतो. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात खिडकीत ठेवलेले सेट दुपारी फाटक्या आवाजात बोलायला लागत आणि रात्री आपोआप सुधारत.

आता परिणाम. इथे मला आधी १९५६ च्या पुण्याच्या प्रयोगाबद्दल सांगायचं आहे. आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून पुण्याभोवतालच्या पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. गावात एक सार्वजनिक रेडिओ, त्याभोवती वीसेक जणांचं श्रोतामंडळ. आठवड्यातून दोनदा शेतीवरचा कार्यक्रम ऐकायचा, संपल्यावर त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचं मूल्यमापन केलं. मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांना नुसता रेडिओ असलेल्या आणि रेडिओच नसलेल्या गावांपेक्षा बरंच जास्त कळल्याचं दिसलं. हा प्रयोग पुढे इतर देशांतही दाखला म्हणून सांगितला गेला.

पण सार्वजनिक सेट कुणाच्या तरी ताब्यात असायचा. कुठे चावडीत, कुठे शाळेत, कुठे सरपंचाच्या माडीवर. कुणी तिथे बसायचं, कुणी उंबऱ्याबाहेर उभं राहायचं हे गावाच्या जुन्या रीतीनेच ठरे. बायका तिथे क्वचितच. ट्रान्झिस्टर घरात आला तेव्हा हा ताबा सुटला. कधी ऐकायचं, काय ऐकायचं, कुठे बसून ऐकायचं हे ज्याच्या हाताशी डबा त्याने ठरवायचं. माझ्या मते ट्रान्झिस्टरचा सर्वांत मोठा परिणाम हाच. त्याची किंमतही मोजावी लागली. एकत्र बसून ऐकणं आणि ऐकलेल्यावर वाद घालणं मागे पडलं. श्रोतामंडळांची ती सवय टिकली असती तर शेतकऱ्याला रेडिओचा दुप्पट फायदा झाला असता, असं मला मनापासून वाटतं.

सेट कुठे कुठे पोचला हे मी मागचं झाकण उघडून सांगू शकतो. स्वयंपाकघरातल्या सेटच्या स्पीकरवर तेलकट काजळी बसलेली असते, बोट फिरवलं की चिकटते. मागावर कापड विणणाऱ्याच्या सेटमध्ये कापसाचे तंतू गँगच्या पात्यांत अडकलेले. विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरातल्या सेटमध्ये तंबाखूची पूड, झाकण काढताच शिंका येतात. शिंप्याच्या सेटमध्ये दोऱ्याचे तुकडे डायलच्या चक्रीवर गुंडाळलेले. वस्तीवरच्या सेटमध्ये कोपऱ्यात कुंभारमाशीचं मातीचं घर. हात कामात गुंतलेले असताना कान मोकळे असतात, आणि त्या मोकळ्या कानांपर्यंत बातमी, गाणं, बाजारभाव, ‘वनिता मंडळ’, ‘आपली आवड’ असे कार्यक्रम हे सगळं पोचलं. वनिता मंडळाची वेळ चुकू नये म्हणून ‘आजच्या आज करून द्या’ असं सांगणाऱ्या बायका मी दुकानात पाहिल्या आहेत.

गाण्यांचा किस्सा सगळ्यांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. १९५२ मध्ये केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गेली. श्रोते गेले रेडिओ सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या केंद्राकडे. तिथे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला ताकदवान शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता. अमीन सायानींची गीतमाला, म्हणजे सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम, मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायची आणि तिच्या टेप कोलंबोला जायच्या. ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने विविध भारती सुरू केली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूरला त्यावर जाहिराती लागल्या. म्हणजे श्रोत्यांनी सुई फिरवून सरकारला धोरण बदलायला लावलं. पुढच्या काळात तर सुई फिरवणारे हात ट्रान्झिस्टरमुळे कैक पटींनी वाढले.

ही ताकद कधी कधी अंगावरही येते. नोव्हेंबर १९६९, ब्रेबॉर्न स्टेडियम, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी. दुसऱ्या डावात भारताची पडझड चाललेली असताना वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं. रेडिओवरच्या समालोचकाने निर्णय चुकल्याचं बोलून दाखवलं. प्रेक्षकांत ठिकठिकाणी कानाला ट्रान्झिस्टर. मैदानावर घडलेलं आणि त्यावरचं भाष्य एकाच क्षणी हजारोंना मिळालं आणि बाटल्या, खुर्च्या, जाळपोळ असा दंगा उसळला. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाने क्रिकेट गावच्या पारावर नेलं, त्याच यंत्राची ही दुसरी बाजू.

परदेशातलं एकच उदाहरण देतो, कारण ते फार बोलकं आहे. एप्रिल १९६१ मध्ये फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियात फ्रेंच सेनापतींनी आपल्याच सरकारविरुद्ध बंड केलं. राष्ट्राध्यक्ष द गोल यांनी रेडिओवरून सक्तीच्या भरतीतल्या जवानांना सरळ आवाहन केलं की बंडवाल्यांचे हुकूम मानू नका. बराकीतल्या पोरांकडे स्वतःचे ट्रान्झिस्टर होते. वरिष्ठांनी काय ऐकू द्यायचं हा प्रश्नच उरला नाही. बंड काही दिवसांत कोसळलं आणि फ्रान्समध्ये त्याला ट्रान्झिस्टरची लढाई म्हणू लागले. आपल्याकडे आणीबाणीत रात्री बीबीसी लावणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींच्या मृत्यूची बातमीही आकाशवाणीच्या आधी लोकांना बीबीसीवरून कळली होती.

पुढे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला टू-इन-वन आला, कोकणात आखाती देशांतून आलेले नॅशनल पॅनासॉनिक घरोघर दिसू लागले, मग टीव्ही, मग एफएम. बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली. मीडियम वेव्ह आजही लागते, पण एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर त्या पट्ट्यात एवढी खरखर ओततात की शहरातल्या घरात सेट खराब आहे असंच वाटतं. घरातला मेन स्विच बंद करून एकदा लावून बघा, फरक लगेच कळेल.

आता तुमच्या माळ्यावरच्या सेटबद्दल. लगेच सेल घालून बटण फिरवू नका. आधी सेलचा कप्पा बघा. जुने सेल पाझरून पट्ट्या हिरव्या-पांढऱ्या झाल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसा. कप्प्यातल्या खुणा नीट पाहून सेल घाला, कारण जर्मेनियमच्या बऱ्याच सेटमध्ये प्लस बाजू अर्थ, म्हणजे सर्किटची सामाईक बाजू, असते आणि उलटी जोडणी केली तर आउटपुटची जोडी जाऊ शकते. मल्टीमीटर मिलिअँपिअरवर ठेवून सेलच्या रांगेत जोडा. आवाज बंद असताना १०-१५ दाखवला तर सेट बहुधा ठीक आहे. ५०-६० च्या वर गेला तर तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा.

आवाजाच्या बटणाची खरखर म्हणजे कंट्रोलमधला मळ, क्लीनर मारून दहा-वीस वेळा फिरवलं की जाते. फट्-फट्-फट् असा मोटारबोटीसारखा आवाज आला तर सेल बसलेत किंवा फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळला आहे. एवढ्या जुन्या सेटचे सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलूनच टाका, फार महाग नसतात.

फिलिप्सच्या काही सेटमध्ये एएफ-११४ ते एएफ-११७ या नंबरचे चार पायांचे ट्रान्झिस्टर असतात. त्यांच्या टोपीच्या आत कथिलाचे केसाहून बारीक तंतू उगवतात आणि आतल्या भागाला टोपीशी शॉर्ट करतात. चौथा पाय, जो टोपीला जोडलेला असतो, तो कापला की बरेचदा सेट तिथल्या तिथे बोलू लागतो. दुसरा ट्रान्झिस्टर शोधत बसण्याआधी हे करून बघा. आणि जर्मेनियमच्या जागी थेट सिलिकॉन लावू नका, बायसची, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू ठेवणाऱ्या व्होल्टेजची, गणितं वेगळी आहेत.

आयएफटीच्या रंगीत डोक्यांना स्क्रू-ड्रायव्हर लावायचा मोह आवरा. कारखान्यात ४५५ किलोहर्ट्झवर बसवलेल्या त्या सहसा स्वतःहून हलत नाहीत. काटा आणि केंद्र जुळत नसेल तर बहुधा डायलची दोरी सरकलेली असते. दोरी ठीक असेल तरच ऑसिलेटरचं कॉइल आणि ट्रिमर (गँगवरचे लहान स्क्रू) हलवा. आम्ही खालच्या टोकाला रात्री मुंबईचं ५५८ किलोहर्ट्झ लावून बघायचो आणि वरच्या टोकाला सांगलीचं १२५१. सोलापूर केंद्र १६०२ वर, पट्ट्याच्या पार शेवटी, त्यामुळे ट्रिमर जरा चुकला की गिऱ्हाईक परत यायचं आणि म्हणायचं की सगळी केंद्रं लागतात, आपलंच लागत नाही.

आणि एलिमिनेटर, म्हणजे सेलऐवजी विजेवर चालवायचा अ‍ॅडॅप्टर, जोडू नका. आजचे स्वस्त अ‍ॅडॅप्टर आतून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात आणि तीच खरखर मीडियम वेव्हवर ऐकू येते. चार मोठे सेल घाला, वर्षभर वापर नसेल तर काढून ठेवा.